परतीचे सात सामने

लोखंडी कपाटाचा तिसरा कप्पा उपसून झाला, तरी संजीवनीला वडिलांचा समोर बघणारा एकही फोटो सापडला नाही. संघांबरोबरचे फोटो पुष्कळ होते. प्रत्येकात इंद्रभान सर अगदी कडेला, गळ्यात शिट्टी, आणि नजर फोटोबाहेरच्या कशावर तरी. एकात तर ते वाकून कोर्टाची रेघ बघत होते. नुसती पाठ आणि टोपी.

बैठकीत उत्तमराव आणि गजेंद्र थांबले होते. तेरवी होऊन एकच दिवस झाला होता. भाड्याच्या सतरंज्या ओट्यावर गुंडाळून पडल्या होत्या, त्या न्यायला अजून कोणी आलं नव्हतं.

"सापडला का, संजू?" उत्तमरावांनी विचारलं. ते व्हॉलीबॉल लीगचे अध्यक्ष आणि सरांचे शाळेपासूनचे मित्र.

"बघतेय, काका."

"सावकाश. ब्यानरवाल्याले संध्याकाळी दिला तरी चालते."

लीग आठ गावांची. प्रत्येक संघात दोन खेळाडू बाहेरचे, पैसे देऊन आणलेले. कोणी जालन्याचा, कोणी अकोल्याचा. त्यांचा करार महिनाअखेरपर्यंतच असे, पुढे ते दुसऱ्या लीगमध्ये जात. सरांनी क्रीडाशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होण्याआधीच ही लीग सुरू केली होती आणि तिचा एकच हट्टी नियम होता. जो संघ आपल्या गावात येऊन खेळला, त्याच्या गावात आपण जायचं. एक सामना इथे, परतीचा तिथे. आलेल्यांना जेवल्याशिवाय पाठवायचं नाही.

यंदा पहिली फेरी संपली आणि सर गेले. सुलतानपूरने त्याच संध्याकाळी जाळी उतरवली. दोन दिवसांत बाकीच्या गावांनीही उतरवली. तसं कोणी सांगितलं नव्हतं. तेरा दिवस गेले. आता उद्याचा धरून नऊ दिवस हातात होते आणि दुसऱ्या फेरीचे अठ्ठावीस सामने बाकी होते.

"म्हनून असं ठरवलं," उत्तमराव म्हणाले. "दुसरी फेरी सोडून द्यायची. वरचे चार संघ घ्यायचे, लोणारच्या मोठ्या ग्राउंडवर दोन दिवसांत सेमीफायनल, फायनल. इंद्रभान सर स्मृतिचषक. तुझ्या हातानं बक्षीस."

"चालेल," संजीवनी म्हणाली.

तेरा दिवस ती हेच म्हणत होती. शेगावच्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात ती काम करायची, तिथून ग्रंथपालांचा फोन आला, अजून आठ दिवस रजा घ्या म्हणाले, तेव्हाही ती हेच म्हणाली होती. शब्द तोंडातून बाहेर पडत होता आणि नंतर तो आपणच बोललो का, हे तिला आठवावं लागत होतं.

"ताई, सरायचं रजिस्टर पन लागन," गजेंद्र म्हणाला. तो लोणारच्या संघाचा कप्तान, सरांनीच शिकवलेला. "चौथा नंबर आमचाच हाये, पन कागदावर पाह्यलेलं बरं."

रजिस्टर बॅगेत होतं. बॅग दाराजवळच्या खुंटीवर, पिंपळदऱ्याच्या भाऊरावांनी सर गेले त्या दिवशी आणून अडकवली तशीच. ती कोणी उघडली नव्हती. संजीवनीने ती काढली आणि चेन ओढली. आत शिट्टी होती, मोजपट्टीचा टेप नीट गुंडाळलेला होता, आणि सगळ्यांवर चुन्याची पांढरी भुकटी होती. रजिस्टर तिने पदराला पुसलं.

आठ गावं आडवी, आठ गावं उभी. प्रत्येक चौकटीत सामना कुठे झाला ते गाव आणि त्याखाली निकाल. सरांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं होतं. संजीवनी उभ्या उभ्याच वाचत गेली. ग्रंथालयात कार्डांच्या खणात एखादं कार्ड चुकीच्या जागी असलं की बोटाला आधी कळतं, तसं तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"पिंपळदऱ्यात यंदा एकही सामना झाला नाही?"

"त्यायचं ग्राउंडच नव्हतं, ताई. पहिलंच वर्ष. मुरूम टाकून राह्यले होते. सर म्हने, आधी तुम्ही सातही गावांत जाऊन खेळून या, मंग दुसऱ्या फेरीत सातही जन तुमच्याकडं..."

 गजेंद्रने हातातला मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

पिंपळदऱ्याच्या नव्या ग्राउंडवर सर रेघा आखायला गेले होते. दोन रेघा झाल्या, आणि टेप हातात असतानाच ते खाली बसले. पाणी मागितलं. भाऊरावांनी त्यांना आपल्या पिकअपमध्ये घालून लोणारला आणलं, तोवर काही उरलं नव्हतं.

"तिथं आता कोन खेळन," उत्तमराव हळू म्हणाले. "पोरायचं मन होत नाई. अन् तसेही ते शेवटच्या नंबरवर हायेत. त्यायनं बी काई म्हनलं नाई."

म्हटलं नव्हतं खरं. तेरा दिवसांत भाऊराव चार वेळा येऊन गेले. दाराशी बसायचे, चहा नको म्हणायचे, पाणी प्यायचे. चौथ्या वेळी उठताना एवढंच म्हणाले होते, "टेप गुंडाळून ठेवला हाये, ताई. बॅगीत." संजीवनीला वाटलं होतं, या माणसाला आपण क्षमा केल्याचं ऐकायचं असेल. तेवढंही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

ती खाली बसली. रजिस्टरच्या मागच्या पानावर तिने पेन्सिलीने आकडे मांडले.

"काका, बाकीच्या सात गावांचं आपसात कोणाचं काही राहत नाही. प्रत्येकाचे तीन सामने घरी झालेत, तीन बाहेर. ज्यांच्याकडे कोणीच गेलं नाही असं फक्त पिंपळदरा. त्यांचे परतीचे. सात."

"मंग?"

"रोज एक. सात दिवस. नंतर दोन दिवस सेमीफायनल आणि फायनल. नऊ होतात."

उत्तमरावांनी बोटांवर मोजलं आणि गजेंद्रकडे पाहिलं.

"पन ताई, हे कसं?" गजेंद्र पुढे सरकला. "आमचे आठ सामने व्हतील अन् त्यायचे चौदा. सहा ज्यादा. त्यायनं जिंकले तं चौथा नंबर आमचा जाते."

"जिंकतील?"

"आतापोतर एकच जिंकले."

"कोणाशी?"

गजेंद्रने पंख्याकडे पाहिलं. "आमच्यासंगच. त्या दिवशी आमचा जालन्यावाला आला नव्हता ना."

उत्तमराव हसले. हसू आल्यावर त्यांनी फोटोऐवजी हार घालून भिंतीशी ठेवलेल्या पाटाकडे पाहिलं, पण हसणं लगेच थांबलं नाही. "सांगत नव्हता बे कोनाले. म्हने लाइट गेली, म्हनून म्याच सोडली."

"जिंकलेले भागिले खेळलेले," संजीवनी म्हणाली. "सगळ्यांचं तसंच काढू. मग कोणी किती खेळलं याला अर्थ राहत नाही."

गजेंद्रने मनात भागाकार केला. "अस्सं. मंग हाव."

 उत्तमरावांनी मात्र टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हिशेब जमला, पोरी. पन तुले जमन का? तिथं लोक जमतील, ढोल वाजन. उद्या कोनी म्हनू नये, सर जिथं पडले तिथं यायनं..."

"मला काय होतंय," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिला काही होत नव्हतं.

स्वयंपाकघरातून संजीवनीची आई, पुष्पाबाई, बाहेर आली. तेरा दिवसांत आई बैठकीत पहिल्यांदाच येत होती. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"दोनच रेघा झाल्या म्हने तिथं," ती म्हणाली.

 ती तशीच परत आत गेली. आतून भांडं मांडल्याचा आवाज आला.

उत्तमराव उठले. "फोटो?"

संजीवनीने रेघ बघतानाचा फोटो दिला.

"याच्यात चेहराच दिसत नाई."

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ती गजेंद्रच्या गाडीवरून पिंपळदऱ्याला पोचली. पहिला सामना चारला, लोणारशी. भाऊरावांना रात्रीच निरोप गेला होता. बाया शाळेच्या पडवीत कणीक मळत होत्या. ती आलेली पाहून त्यांचे हात थांबले, मग पुन्हा सुरू झाले.

ग्राउंड झाडलेलं होतं. तांबडा मुरूम, दोन खांब, मध्ये नवी जाळी. एक लांब रेघ आणि तिला काटकोनात एक आखूड रेघ. दोन आठवड्यांच्या वाऱ्याने चुना फिकट झाला होता, तरी रेघा शाबूत होत्या. जनावरं त्यावरून जाऊ नयेत म्हणून कोणीतरी बाहेरून वीतवीतभर अंतरावर दगड लावले होते. उरलेल्या दोन बाजू तशाच मोकळ्या होत्या.

भाऊराव चुन्याचं घमेलं घेऊन उभे होते. "आम्ही केलं असतं, ताई. पन मोजाले टेप..."  गावात दुसरा टेप नव्हता असं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तिने बॅगेतून टेप काढला.

"तुम्ही कशाले? पोरायपैकी कोनी धरन टोक."

"मला धरता येतं," ती म्हणाली.

लहानपणी दर वर्षी तीच टोक धरायची. लांब रेघ संपत होती तिथे ती उकिडवी बसली. टेपचं पितळी टोक चुन्याच्या कडेला टेकवलं आणि अंगठ्याने दाबलं. मुरूम रात्रीचा गार होता. भाऊराव टेप उलगडत मागे मागे गेले.

"ढिला पडून राह्यला, ताई."

तिने आणखी दाबलं. टेप जमिनीवरून उचलला गेला, थरथरला, सरळ झाला. नऊ मीटरवर भाऊरावांनी टाचेने खूण केली. गजेंद्रने चुना सोडत रेघ ओढली, तिच्यापासून त्यांच्यापर्यंत.

"झालं, ताई. सोडा."

तिचा अंगठा तिथेच होता. नखात चुना गेला होता.

भाऊरावांनी परत सांगितलं नाही. टेप ताणलेलाच ठेवून ते आपल्या टोकाला खाली बसले.