एका घरात दोन चन्नव्वा

"नवीन नाव सांगा, ताई."

सोमेशची बोटं कीबोर्डवर थांबली होती. कचेरीसमोरच्या त्याच्या ई-सेवा केंद्रात एक पंखा, दोन खुर्च्या आणि दाराशी एक बाकडं होतं. आईच्या अंगात अजून खाकी गणवेश होता. ती एसटीत कंडक्टर आहे. सकाळची मंगळवेढ्याची फेरी संपवून ती डेपोतून परस्पर आली होती आणि मी कॉलेजातून.

"बसम्मा," आई म्हणाली.

सोमेशनं मान वर केली. "पाळण्यातलं? पण ताई, लोक माझ्याकडे उलटं करायला येतात. बसम्माचं सुकन्या करून घेतात. तुमचं आधीच सुकन्या आहे. चांगलं नाव आहे की. घटस्फोट झालाय तर नुसतं नवऱ्याचं नाव आणि आडनाव काढू या."

"सुकन्याबी त्यांचंच हाय," आई म्हणाली. "तेबी त्यांना परत."

ती रागावून बोलली नव्हती. उतारूला सुटे पैसे परत द्यावेत तशी बोलली.

सुकन्या हे नाव तिला लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीनं ते लिहिलं, तेव्हा आई ताटाच्या पलीकडे होती. आपलं नवीन नाव तिनं उलट्या बाजूनं वाचलं, एकेक अक्षर जुळवत. आधी कुणी विचारलंही नव्हतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात बसम्मा हे नाव फार खेडवळ वाटत होतं, एवढंच. पुढं बाबांनी पुण्यात दुसरा संसार मांडला. कोर्टात सहा वर्षं गेली आणि मार्चमध्ये निकाल लागला. त्या दिवशीही आई दुपारच्या ड्यूटीवर गेली होती.

"आणि मधलं नाव? वडिलांचं?"

आई दाराबाहेर बघायला लागली. मला कारण माहीत होतं. मी दोन वर्षांची असताना ती एकदा मला आणि एक पिशवी घेऊन माहेरी गेली होती. आजोबांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पाणी दिलं आणि स्वतः स्टँडवर येऊन सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं. ते वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"आईचं नाव चालतंय का?"

"चालतं की. प्रतिज्ञापत्र करायचं. मग राजपत्रात छापून येतं."

"मग मी तिला विचारून येते. न विचारता कुणाचं नाव घ्यायचं न्हाय."

रविवारी आम्ही दोघी गावी निघालो. गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकची हद्द दिसेल इतक्या अंतरावर. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून बसणारी आई मला नेहमीच वेगळी वाटते. मागं कोण उभं आहे, कोण उतरायचं राहिलंय, हे ती सारखं वळून बघत असते. गाडी सुटल्यावर मी दोन महिने मनात ठेवलेलं विचारलं.

"आई, मग आता तुझं आडनाव वेगळं आणि माझं वेगळं?"

"व्हय."

"मी कुणाची मग?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तू सृष्टी. ते नाव मी ठेवलंय. फुडचं काय लावायचं, काय काढायचं, ते तुजं तू ठरीव. मला कुणी इचारलं न्हवतं. मी तुला इचारल्याबिगर काय करनार न्हाय."

आज्जी अंगणात शेंगा फोडत बसली होती. ती निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलते. माझ्यासाठी मराठी जरा जास्त. अभिमन्यूमामा पलीकडे मोटरसायकल पुसत होता. आईनं पाय धुतले आणि तीही शेंगा फोडायला बसली. मग तिनं सगळं सांगितलं.

"अव्वा, तुझं नाव लावू का माझ्या नावाफुडं?"

"कुठलं नाव?"

"कुठलं म्हंजे? तुझंच. महादेवी."

आज्जी हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. मग म्हणाली, "ते माजं न्हवंच."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी चन्नव्वा," आज्जी म्हणाली. "माज्या बापानं ठेवल्यालं. पर लगीन होऊन हितं आले, तर सासूबी चन्नव्वाच. एका घरात दोन चन्नव्वा कशा चालतील? सासूला हाक मारली आन सुनंनं ओ दिली म्हंजे? मग मला महादेवी केलं. पयल्यांदा कुणी हाक मारली तर कळायचंच न्हाय. मी आपली चुलीम्होरं गप बसून. मग मार खाल्ला. मग कळायला लागलं."

हे तिनं शेंगा फोडता फोडताच सांगितलं. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात.

मी आईकडे पाहिलं. या बाईच्या पोटी ती जन्मली, तिच्या मांडीवर वाढली, शाळेच्या प्रत्येक कागदावर आईचं नाव महादेवी लिहीत आली. आणि आज, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिला आईचं नाव कळत होतं.

"मला कदी सांगितलं न्हाईस, अव्वा."

"तू कदी इचारलंस?"

"आप्पांना म्हाईत होतं?" आजोबांना ती आप्पा म्हणायची.

"व्हतं की. लगीन झाल्यावर इसरला."

गोठ्याकडून शेळी ओरडली. आई पुढं सरकली, आज्जीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "चन्नव्वा."

लेकीनं आईला नावानं हाक मारायची नसते. पण आज्जीनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्याआधी कधीच बघितलं नव्हतं. राग नव्हता, रडू नव्हतं. कुणीतरी खूप लांबून चालत येत होतं आणि आता ओळखू येत होतं, असं ती बघत राहिली.

मग आज्जीनं सूप खाली ठेवलं. "ते नाव बदलायला नवऱ्यानं सोडल्यालं लागतंय का?"

"न्हाय, अव्वा. कुणालाबी बदलता येतंय."

"मग मलाबी घिऊन चल."

अभिमन्यूमामा हातातलं फडकं घेऊनच आला. "अव्वा, खुळी झालीस काय? सातबाऱ्यावर महादेवी, रेशनवर महादेवी, बँकेत महादेवी. ह्या वयात कुटं फिरायचं ते समदं बदलत? लोक काय म्हनतील?"

"लोकास्नी सांग," आज्जी म्हणाली, "सासूला जाऊन चाळीस वर्सं झाली. आता घरात एकच चन्नव्वा हाय."

मामा मोटरसायकलकडे परत गेला, पण पुसायचं विसरून नुसताच सीटवर बसला.

पुढच्या आठवड्यात आई आज्जीला सोलापूरला घेऊन आली. आज्जीनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. सोमेशनं आधी आईचा अर्ज भरला, आडनाव माहेरचं: बसम्मा चन्नव्वा कलशेट्टी. सही करताना आईचा हात सवयीनं 'सु'कडे वळला. ती थांबली, पेन उचललं आणि शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर काढत 'बसम्मा' लिहिलं.

मग आज्जीची पाळी. ती दाराजवळच्या बाकड्यावर चपला काढून बसली होती.

"आज्जी, नवऱ्याचं नाव ठेवायचं की काढायचं?"

"सिद्राम? ऱ्हाऊ दे की. कुणासंगं संसार केला, ते त्येलाबी कळू दे."

सोमेश हसला, पण लगेच गंभीर झाला. "आणि बदलाचं कारण? इथं विवाह आहे, घटस्फोट आहे, धर्मांतर आहे. तुमचं काय टाकू?"

आज्जीला प्रश्न कळला नाही. आईनं तो कानडीत सांगितला. आज्जीनं सोमेशकडे एवढं शिकलेल्या माणसाला हेही कळू नये, अशा नजरेनं बघितलं.

"माजं हाय ते," ती म्हणाली.

सोमेशनं 'इतर' वर टिचकी मारली. मग अक्षरं तपासायला त्यानं मोठ्यानं वाचलं, "चन्नव्वा सिद्राम कलशेट्टी."

"ओ," आज्जी म्हणाली.

आवाज बारीक होता, पण स्पष्ट. तिनं पायानं चपला चाचपल्या, घातल्या, बाकड्याचा आधार घेतला आणि उभी राहिली.

"बसा आज्जी, बसा. नुसतं वाचून बघतोय."

ती बसली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून, दोन्ही हात पुढं जुळवून, सोमेशचं काम संपेपर्यंत ती उभी होती. तिच्याशेजारी जाऊन आईही उभी राहिली.