डावा कौल

देवळाच्या सभामंडपात जानकीबाई खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या. आगबोटीच्या प्रवासाने अंग आंबून गेलं होतं. त्यात सोमवार; सकाळची माळ ओढून झाली, पण पोटात शहाळ्याच्या पाण्याखेरीज काही नव्हतं. तरी शीण म्हणाल तर तो प्रवासाचा नव्हता, की उपासाचाही नव्हता.

मुंबईला विद्यापीठात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. ज्या घरांतून कॉलेजात कधी कुणी गेलं नाही, अशा घरांतल्या मुलींना संशोधनाला घ्यायचं, हाताला धरून शिकवायचं, ही योजना त्यांनीच हट्टाने सुरू करवली होती. मुली येत. एकीचं लग्न ठरे, एकीला बाप येऊन घेऊन जाई. एक तर वसतिगृहात तिचं ताट वेगळं मांडतात म्हणून रडून रडून परत गेली. “तुमच्या मुली म्हणजे माहेरवाशिणी हो बाई,” विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणत. “चार दिवस राहतात, ओटी भरून घेतात नि चालू लागतात.” यंदा जागा रिकामी राहिली तर योजना बंद, असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

उरली होती एकटी शेवंती. इथल्याच, देवबागच्या भिकाजी तांडेलाची लेक, मामाकडे राहून रत्नागिरीला बी.एस्सी. झालेली. समुद्रात जन्मलेली सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिल्लं खाडीत कधी शिरतात, हे तिला शोधायचं होतं. वर्सोव्याच्या खाडीत काम करायचं ठरलंही होतं.

भिकाजीची ना नव्हती. “पण देवाक इचारल्याशिवाय मी होडयेचो नांगर पण उचलूचंय नाय, बाई. ही तर चेडवाची गजाल.”

जानकीबाई काय बोलणार? त्या स्वतः देवाला सांगितल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. खरं तर त्यांना जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं लोकांना समजावता समजावता जीभ सुकली होती. आज निवाडा दुसऱ्या कुणी तरी करावा.

सत्यवान गुरवाने देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

“बा देवा म्हाराजा! हो तुझो भिकाजी आज तुझ्या पायाकडे इलो आसा. चेडवाक शिकाक ममयक धाडूचा म्हणता. धाडू काय? होय तर उजवो दी, नाय तर डावो दी!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

डावी पाकळी गळून पडली.

सत्यवानाने घसा खाकरला. “पाकळी जरा सुकीच होती. परत लावूया?”

भिकाजीने जानकीबाईंकडे पाहिलं. देवधर्माची बाई, ती म्हणेल ते. शेवंतीही पाहत होती.

“नको,” जानकीबाई म्हणाल्या. “एकदा विचारलं, त्याने सांगितलं. तोच प्रश्न परत विचारू नये.”

देवळाबाहेर वाळूत आल्यावर शेवंतीने त्यांना गाठलं. “बाबा तयार होते बाई. गुरवही तयार होता. तुम्हीच नको म्हणालात.”

“हो गं.”

“मग इथवर आलात कशाला?”

जानकीबाई वाळूतून चालू लागल्या. मागून शेवंतीची आई, हौसाबाई, येत होती. ती मात्र खुशीत. “बरां झाला! ममयच्या सुंगटांक काय सोन्याच्यो मिशयो आसत? खाडी काय हयसर नाय?”

“तसां नसता गो आये. थंय विभागात हजर रवाक लागता. नियम आसा.”

जानकीबाईंचे पाय थांबले. तो नियम त्यांनीच घालून घेतला होता, प्रमुखांना बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. खाडी समोर दिसत होती. नियम मोडून शेवंतीला इथेच काम करू द्यायचं, म्हणजे आपण दर महिन्याला यायचं. पावसाळ्यात आगबोट बंद, तेव्हा एस.टी. आणि घाट. शिवाय प्रमुखांशी नवं भांडण. पुढल्या साली हे सगळं सोडून सकाळी निवांत पूजा करावी, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. नको वाटलं. अगदी नको वाटलं.

“भिकाजी,” त्या म्हणाल्या, “देवाने मुंबईला नको म्हटलं. शिकायला नको म्हटलं का?”

“तां खंय इचारला?”

“मग ही इथेच राहून काम करील. महिन्याच्या महिन्याला मी येईन.”

हौसाबाईला हसू आवरेना. “तुमी? होडयेतून उतरताना दोघांनी धरून हाडल्यानी तुमका!”

“धरतील परत.”

भिकाजीने डोकं खाजवलं. “मगे ह्येचो पण कौल लावूक व्हयो.”

“लावा. पण प्रश्न माझ्या नावाने घाला. जानकीने यावं की नाही.”

सगळे पुन्हा देवळात शिरले. गुरवाचं गाऱ्हाणं चाललं होतं आणि जानकीबाई डोळे मिटून उभ्या होत्या. कुणाला सांगू नये अशी गोष्ट, पण त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला डावा कौल हवा होता. डावा आला असता तर देवाचीच आज्ञा म्हणून घरी जाता आलं असतं. कुणी काही बोललं नसतं.

उजवी पडली.

“देवान बाईंक कामाक लायल्यान!” हौसाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता चिडवणं उरलं नव्हतं.

जानकीबाई पायरीवर टेकल्या. तेवढ्यात शेवंती घराकडे धावत जाऊन बारीक विणीचं जाळं घेऊन आली. “चला बाई, पाणी उतरतंय. जागा बघून घेऊ.”

“जरा बसू दे गं.”

“ओहोटी थांबूची नाय, बाई.”

इतके दिवस त्यांच्याशी पुस्तकी बोलणारी पोर पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलली होती. जानकीबाईंनी देवाचं नाव घेत गुडघ्यावर हात दिला, पदर खोचला, चपला तिथेच राहू दिल्या आणि तिच्या मागून खाडीच्या वाटेला लागल्या.