उस्तादांना विचारून सांगतो

माझं डोकं फिरतं ते एका वाक्यानं. बॅटरी किती वर्षं टिकेल, पावसात करंट लागेल का, उद्या विकायला काढली तर कुत्रं तरी विचारेल का, या सगळ्यांना माझ्याकडे उत्तरं आहेत आणि ती मी हसून देते. पण इलेक्ट्रिक गाडीच्या कागदावर सही करायला उचललेलं पेन गिऱ्हाईक खाली ठेवतं आणि म्हणतं, "उस्तादांना विचारून सांगतो." झालं. गेली गाडी.

हे उस्ताद म्हणजे माझा बाप. त्यांच्या गॅरेजला दाखवल्याशिवाय आमच्या भागात कोणी गाडी घेत नाही. बॉनेट उघडायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मान हलली तर गाडी घ्यायची, नाहीतर नाही. माझ्या गाड्यांना इंजिनच नाही, मग मान हलणार कशाला? सहा महिन्यांत बाबांनी माझी नऊ गिऱ्हाइकं परत पाठवली. पोटच्या पोरीच्या पोटावर पाय, आणि वर संध्याकाळी विचारायचं, "शोरूम कसं चाललंय?"

शनिवारपर्यंत एक तरी गाडी विका, नाहीतर घरी बसा, असं मॅनेजरनं मला सांगितलं होतं. शुक्रवारी एक नर्सबाई आल्या. रोजचं चाळीस किलोमीटर जाणं-येणं, घराखाली चार्जिंगची सोय, सगळं जुळत होतं. मी त्यांना चक्कर मारायला नेलं. परत येताना म्हणाल्या, "जाता जाता उस्तादांना दाखवू या?" नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

गॅरेजसमोर चार पेट्रोलच्या गाड्या उभ्या होत्या, त्यातली एक चालूच होती आणि खडखडत होती. बाबांनी फडक्याला हात पुसले, आमचं बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, ही मुकी आहे," बाबा म्हणाले. "आवाजच नाही, तर दुखणं कळणार कसं? माझं ऐका, पेट्रोलची घ्या." आणि पुन्हा बॉनेटमध्ये वाकले.

तीन वर्षांपूर्वी बाबांचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखतात, पण इंजिनाला कुठे ओठ असतात? ते डोळे मिटून उभे राहायचे आणि ऐकायचे मी. बेअरिंग असेल तर त्यांच्या पाठीवर एक बोट टेकवायचं, व्हॉल्व्ह असेल तर दोन. शोरूममध्ये लागताना मी हातापाया पडले, म्हटलं, बाबा, कानाचं मशीन घ्या. "बहिऱ्या उस्तादाकडे कोण येईल?" म्हणाले. तेव्हापासून सगळा कारभार अंदाजपंचे. आणि हा माणूस माझ्या गाडीला मुकी म्हणणार!

"तुम्हाला कुठल्या गाडीचा आवाज येतो, बाबा?" मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं नाही. नर्सबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं. मग त्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि बाबांच्या पाठीमागे उभ्या राहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उस्ताद, ती बाजूची गाडी बंद करता का जरा?"

बाबा बॉनेटची कड पुसत राहिले.

तासाभरात नर्सबाईंनी सही केली. माझी नोकरी राहिली. त्यांनी कोणाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, आणि त्यांना दोष कसला द्यायचा, बोलले तर मीच होते. सोमवारी गॅरेजसमोर एकच गाडी होती. गुरुवारी एकही नाही. मला बाबांचा राग आहे, अजूनही आहे, पण त्या रिकाम्या जागेकडे मला बघवत नव्हतं.

बाबा स्टुलावर बसून स्क्रूड्रायव्हर पुसत होते. "लोक सगळे तुझ्याकडून इलेक्ट्रिक घ्यायला लागले वाटतं," म्हणाले.

मी त्यांच्यासमोर गेले, माझे ओठ नीट दिसतील अशी उभी राहिले आणि म्हणाले, "हो."