तिसऱ्या ओळीतले नऊ मणी

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. पण अडगळीतली नव्हे हं! हॉलंडच्या उत्तरेला, ट्यूलिपच्या शेतांमधल्या एका लहानशा शाळेत, पहिलीच्या वर्गात मी अजूनही खिडकीपाशी उभी असते. गावच्या सुताराने मला घडवलं. दहा तारा आणि प्रत्येक तारेवर दहा मणी, एक ओळ लाल, एक पिवळी. तेव्हापासून इतक्या चिमुकल्या बोटांनी मला हाताळलं, की माझ्या मण्यांचा रंग कधीच उडून गेला. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

पण माझं खरं भाग्य उजळलं ते रेनस्केबाई आल्यावर. आधीचे गुरुजी मुलांकडून नुसते एकेक मणी सरकवून घ्यायचे. बाई मात्र तळहाताने अख्खी ओळ सर्रकन सरकवायच्या आणि विचारायच्या, "ओळी किती? एक. मणी किती? दहा. म्हणजे एकच गोष्ट एकही आणि दहाही! आहे की नाही गंमत?" मग तीन ओळी आणि चार सुटे मणी दिसले की वर्ग ओरडायचा, "चौतीस!" एखाद्या मुलाला ही गंमत उमगायला महिना लागला तरी बाईंचा आवाज चढायचा नाही. मधल्या सुट्टीत त्या आपला पाव घेऊन त्याच्याशेजारी बसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. एवढा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

एका उन्हाळी सुट्टीत वर्गाची फरशी घासताना मी आडवी पडले. माझ्या तिसऱ्या तारेवरचा एक मणी फुटला. घासणाऱ्या माणसाने तुकडे केरात टाकले, मला उभं केलं आणि तो निघून गेला. कुणी पाहिलं नाही म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला असेल; माझा मात्र टांगणीला लागला. लाकडाला जीभ असती तर!

त्याच वर्षी आफ्के आणि सायमेन ही जुळी भावंडं पहिलीत आली. सायमेन चटपटीत. आफ्के मात्र प्रत्येक मण्यावर बोट ठेवून मोजायची.

"आफ्के, दहाची ओळ मोजायची नसते, ओळखायची असते," बाई म्हणायच्या.

"हो, बाई," ती म्हणायची, आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू!

एकदा तीन ओळी आणि चार मणी सरकवल्यावर सगळे ओरडले, "चौतीस!" आफ्केचं बोट सावकाश शेवटच्या मण्यावर पोचलं. "तेहेतीस," ती म्हणाली.

"गोगलगाय आली रे! आणि उत्तरही चुकीचं घेऊन आली!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. सगळा वर्ग हसला. सायमेन तेवढा हसला नाही.

तिसरी ओळ आली की आफ्केचं उत्तर एकाने कमी यायचं. मोजताना एखादा मणी तिच्या बोटातून निसटत असावा, असं बाईंना वाटलं. अखेर त्यांनी जड मनाने ठरवलं, की सायमेन दुसरीत जाईल आणि आफ्के आणखी एक वर्ष पहिलीत राहील. आईच्या पोटापासून एकत्र असलेली ती दोघं! मला फार वाईट वाटलं.

पालकभेटीच्या दिवशी त्यांचे वडील माइंडर्ट फुलांच्या शेडमधून थेट आले. लाकडी बूट दाराबाहेर काढून, जाड मोज्यांनिशी ते छोट्याशा खुर्चीत कसेबसे मावले. दोन्ही मुलं बरोबर होती. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या तीन ओळी आणि चार मणी सरकवले आणि आफ्केला मोजायला लावलं.

"तेहेतीस," आफ्के पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो बाई, ही चुकायची नाही," वडील म्हणाले. "आमच्याकडे दहा-दहा ट्यूलिपची जुडी बांधतात. कुणी घाईत नऊच बांधली, की बाजारात आमची शोभा! म्हणून जुड्या हीच तपासते. दुसऱ्याने बांधलेली जुडी मोजल्याशिवाय दहाची म्हणायची नाही, हे मीच शिकवलंय तिला."

बाई मग उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने मोजायला सुरुवात केली. पहिली ओळ दहा. दुसरी दहा. तिसरी... त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा मोजले. नऊच!

"अगं बाई!" त्या आफ्केकडे वळल्या. "वर्षभर ही पोर खरं सांगत होती, आणि मी एकदाही मोजून पाहिलं नाही!"

दुसऱ्या दिवशी त्या साऱ्या वर्गासमोर म्हणाल्या, "आफ्के बरोबर होती. चुकलो आपण. सगळ्यांत जास्त मी." चूक झाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, म्हणून त्या दिवशी बाई मला फार मोठ्या वाटल्या.

लवकरच मला नवा मणी मिळाला. मधल्या सुट्टीत आफ्केने माझी एकेक ओळ मोजली, सगळ्या दहा, आणि मग म्हणाली, "आता विचारा, बाई."

बाईंनी सात ओळी आणि सहा मणी सरकवले. आफ्केने हातसुद्धा उचलला नाही.

"शहात्तर!"

"ए, मोजलं नाहीस!" सायमेन ओरडला.

"मघाशी मोजलंय ना! आता काय पळून जाणारेत का ते?"

उन्हाळ्यानंतर दोघं हातात हात घालून दुसरीच्या वर्गात गेली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंकडे अधूनमधून नीट पाहत जा. आमचं काही निखळलं तर आम्हाला सांगता येत नाही. मुलांना मात्र सांगता येतं. एखादं मूल सगळ्यांच्या मागून, बोट ठेवून मोजत असेल आणि त्याचं उत्तर निराळं आलं, तर हसण्याआधी त्याच्याशेजारी बसा आणि एकदा स्वतः मोजून बघा.