कापूस भरलेली सॅक

मित्रांनो, नाक मुरडू नका. अंगाला ताडपत्रीचा वास येतो म्हणून काय झालं? मी एक जुनी सॅक आहे खरी, पण परदेशांची धूळ खाऊन आले आहे. तरी फुशारकी मारायला आज तोंड नाही.

वणीत गाद्या भरणाऱ्या कय्युमचाचांनी मला शिवलं. त्या वर्षांत कापूस मातीमोल झाला होता आणि फोमच्या गाद्यांनी चाचांचं गिऱ्हाईक पळवलं होतं. म्हणून त्यांनी ट्रकच्या ताडपत्रीच्या सॅक शिवायचं मनावर घेतलं. पहिली मी! शेजारचा पियूष पाठीवर बिऱ्हाड घेऊन देशोदेशी फिरायला निघाला होता. चाचा त्याला म्हणाले, "फोम कायले पाह्यजे? पट्ट्यात आपला कापूस भरतो. वापस आल्यावर मले फक्त सांगजो, टिकली का नाही. टिकली तर मी अन् तुही चाची हाच धंदा करू."

थायलंडच्या समुद्रकाठच्या गावात माझी काय ऐट होती म्हणून सांगू! पियूष वाळूत मला उशाला घेऊन निजायचा. गोरी पोरं माझे पट्टे दाबून पाहायची आणि हा पठ्ठ्या छाती फुगवून सांगायचा, "आमच्या चाचांनी शिवली." पुढे बसच्या टपावर ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. शिवण तसूभर हलली नाही. पट्ट्यांतल्या कापसाच्या मात्र भिजून भिजून गाठी झाल्या.

मग एक सीमा आली. तिथे दोन देशांचं बिनसलं होतं. तारेच्या कुंपणापाशी बंदूकवाले शिपाई उभे होते, रांगेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एका शिपायाच्या बोटांना त्या गाठी लागल्या. आत काही लपवलंय असं वाटून त्याने पातं काढलं आणि माझे दोन्ही पट्टे चर्रकन चिरले. आपला पांढराशुभ्र कापूस चिखलात पडला. सगळी रांग बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे कुणी भरलं?" शिपाई गुरकावला.

पियूषची बोबडी वळली. "ठाऊक नाही. रस्त्यावर जुनी मिळाली, घेतली."

अरे, कापूसच तर होता! चाचांचं नाव घ्यायला काय झालं होतं?

बरं, घरी आल्यावर तरी खरं बोलावं! चाचा धावतच आले. परतीच्या वाटेवर चिरांची सुतं निघून पट्टे लोंबत होते.

"काहून रे, फाटले?"

स्वतःचा भित्रेपणा कसा सांगायचा? पियूष पुटपुटला, "हो चाचा. आपोआपच."

चाचांनी मान खाली घातली. "मंग माहीच शिलाई कच्ची राह्यली. नाही जमनार मले हे काम." दुरुस्तीसाठी त्यांनी मला ठेवून घेतलं आणि खुंटीला टांगलं. तिथून मी त्यांना उगाच आपली बोटं चोळत बसलेलं पाहायची. काय करणार, मला वाचा नाही.

काही दिवसांनी पियूष मला न्यायला आला. चाची, आयशाबी, ताडपत्रीच्या तुकड्यांनी सरपण झाकत होत्या. पुढच्या सॅकसाठी कापून ठेवलेले तुकडे होते ते. ते पाहून पोराचा चेहरा पडला. तो मटकन खाली बसला आणि सगळं ओकून मोकळा झाला, शिपाई, पातं, मी रस्त्यावर मिळाल्याची थापसुद्धा.

चाचांनी मला खुंटीवरून काढलं आणि माझी शिवण बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "म्हंजे शिलाई नाही उसवली?"

"नाही चाचा. एक टाकासुद्धा नाही."

"आयकलं का वं? शिलाई पक्की होती!" चाचा लहान पोरासारखे हसले. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पियूषला बरं वाटलं असतं. त्याला मान वर करवेना.

मित्रांनो, आपली दप्तरं जपा, भिजली तर उन्हात वाळवा. आणि ही कुणी शिवली असं कुणी दरडावून विचारलं, तर शिवणाऱ्याचं नाव सांगायला लाजू नका.