पुढचं चाक

रुचितानं सायकलवरची प्लॅस्टिकची झिल्ली ओढून बाजूला टाकली, एका हातानं हँडल नि दुसऱ्यानं सीट धरली आणि मागच्या अंगणातून ती सायकल थेट दुकानाच्या पुढ्यात आणून उभी केली. पुढच्या चाकात हवा नव्हती. फरशीवरून ते फतफत, खडखड करत आलं. लहानू एका गिऱ्हाइकाच्या सायकलीचा ब्रेक बसवत होता. तो आवाज ऐकला आणि त्याच्या हातातून ब्रेकचं रबर सुटून खाली पडलं.

"बाबा, इसको बना दो," ती म्हणाली. "सोमवार से मेरेको जाना है."

"ह्या सायकलीनं?"

"हव. और कौन सी है घर में?"

लहानू मेश्रामचं दुकान बूढापाऱ्यात, तलावाकडे उतरणाऱ्या गल्लीत. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यांच्यामागे हातभर अंगण. त्याचा बाप भंडाऱ्याहून रेल्वेच्या खलाशाच्या, म्हणजे हातमजुराच्या, नोकरीवर आला आणि रायपूरचाच झाला. रुचिता त्याची सून. जन्मली, वाढली इथंच, मराठी सगळं समजायचं पण तोंडातून हिंदीच निघायची. शंकरनगरच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम तिला लागलं होतं. लागलं ते बरंच झालं. घरात बसून बसून पोरगी भिंतीसारखी गप्प झाली होती.

पण सायकल सुशीलची होती. सुशील म्हणजे लहानूचा एकुलता एक मुलगा. मागच्या थंडीत सिलतऱ्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला निघाला आणि बिलासपूर रोडवर ट्रकखाली गेला. माणूस गेला आणि सायकलीला साधा ओरखडा नाही! ठाण्यात ती कितीतरी महिने पडून राहिली, मग परत मिळाली, आणि तेव्हापासून अंगणाच्या कोपऱ्यात झिल्लीखाली उभी होती. लहानू त्या कोपऱ्याकडे पाठ करूनच दात घासायचा.

"दुसरी पाहू न पोरी," तो म्हणाला. "लेडीज सायकल पाहून देतो मी तुले. आठवडाभरात."

"नहीं बाबा. खड़ी रहती है तो रोज दिखती है. चलेगी तो सायकल हो जाएगी." तिनं ओढणी खांद्यावर नीट केली. "आपसे नहीं होगा तो बोल दो. मैं चौक में दे आती हूँ."

चौकात! चौकातला तो मिस्त्री तोंडाचा फाटका. तो टायर खोलेल, ट्यूब काढेल, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बूढापाऱ्यात बोभाटा होईल. नाही नाही, हे मेलं तरी होऊ द्यायचं नव्हतं.

"ठेव," तो म्हणाला. "मीच पाहतो."

ती आत गेली. लहानू मात्र तसाच बसून राहिला.

सुशीलच्या मरणाचा दोष लोकांनी ट्रकवाल्याला दिला होता. कोळसा भरून माजलेल्या हत्तीसारखे धावतात म्हणाले, रायपूर राजधानी झाली आणि रस्त्यावर जिवाची किंमत राहिली नाही म्हणाले. खरंच होतं ते. पण रस्त्याच्या कडेला चहाची टपरी टाकलेला एक माणूस मयतीला आला होता. तो लहानूजवळ बसून हळूच बोलून गेला होता की आधी फट्ट आवाज आला, मग पोराची सायकल झोकांडली, आणि मग ट्रक. ते एवढंसं बोलणं लहानूच्या काळजात रुतून बसलं होतं. कारण त्या चाकाचा टायर त्यानंच त्या पहाटे बदलला होता.

नवा टायर होता, कडक. थंडी मरणाची. टायर काढताना लिव्हर लागते, दोन बोटं रुंदीची लोखंडी पट्टी. ती रिमच्या कडेत घालून टायर उचलायचा. चढवताना मात्र अंगठ्यांनीच चढवायचा. शेवटची वीतभर कड जाता जात नाही, जीव खाते, तरी लिव्हर लावायची नाही, कारण ती आत ट्यूब चिमटते. ही गोष्ट लहानूनं शिकायला आलेल्या दर पोट्ट्याच्या टाळक्यात हाणून हाणून बसवली होती. आणि त्या पहाटे सुशील दारात उभा राहून "बाबा, लवकर करा न, गेट बंद होते" म्हणत होता, लहानूचे अंगठे गारठून लाकूड झाले होते, आणि त्यानं लिव्हर घातली. खटकन कड बसली. नंतर अर्धी हवा भरून, चाक फिरवत, टायर दोन्ही बाजूंनी दाबून बघायचा असतो की ट्यूब कुठे दबली तर नाही. तेही त्यानं केलं नाही. पंप मारला आणि म्हणाला, "जा."

तेव्हापासून त्यानं टायरला हात लावला नव्हता. चेन बसवायचा, ब्रेक, पॅडल, सीट, सगळं करायचा. पंक्चर आलं की चौकात पाठवायचा. समोरचा पानठेलेवाला भैय्यालाल त्याला चिडवून चिडवून थकला होता.

"का गा लहानू," तो ओरडायचा, "पंक्चर के दुकान मा पंक्चर नइ बनय? त बोर्ड ला निकाल दे!"

लहानू नुसता हसायचा. काय सांगणार होता?

आता सायकल समोर होती. त्यानं ती सीट आणि हँडलवर उलटी उभी केली. दोन्ही नट सैल केले, चाक चिमट्यातून ओढून मांडीवर घेतलं. टायरला अजून त्या रस्त्याची काळी राख चिकटलेली होती. त्यानं फडक्यानं ती पुसली, आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

टायरवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. ते नाव लहानू नेहमी व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आणून मगच टायर चढवायचा. उगीच नखरा म्हणून नाही. तसं केलं की ट्यूबमधलं भोक सापडल्यावर टायरमध्ये त्याच जागी काटा शोधता येतो. त्याच्या हाताखालून गेलेल्या चाकावर ते नाव कधी इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. आणि या चाकावर नाव एकीकडे होतं, व्हॉल्व्ह भलतीकडेच.

म्हणजे हा टायर कुणीतरी उघडला होता.

ठाण्यात? ठाण्यात कशाला कोण उघडतंय! त्यानं लिव्हर उचलली. किती दिवसांनी हातात घेतली होती, थंडगार लागली. कडेत घातली, दाबली, तारेला टेकवून ठेवली. दुसरी घातली आणि सरकवत नेली. टायर सुटला. आत हात घालून त्यानं ट्यूब ओढली.

ट्यूब नवीकोरी होती. डब्यातून काढल्यावर असते ती पांढरी पूडसुद्धा तिच्यावर तशीच होती. तिच्यात कधी पुरती हवा भरलीच नव्हती कुणी.

लहानूला हे बघायचं होतं आणि बघायचं नव्हतंही, वर्षभर. फुटलेली ट्यूब सगळं सांगते. फाट बाहेरच्या अंगाला असेल तर रस्त्याची करणी. आतल्या अंगाला, रिमकडे असेल, तर मिस्त्रीची. त्यात तिसरं काही नाही. आणि आता बघायला ट्यूबच नव्हती.

"सत्यभामा," त्यानं हाक मारली.

सत्यभामा, त्याची बायको, सुपात तांदूळ घेऊनच बाहेर आली. तिनं उलटी सायकल पाहिली, त्याच्या मांडीवरचं चाक पाहिलं, आणि सूप खाली ठेवलं. घर दुकानाला लागूनच, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत ती कैक वर्षं त्याच्या हाताखाली बसत आली होती. अंगठे त्याच्यापेक्षा बळकट होते तिचे.

"हे तू खोललं?"

तिनं सुपाबाहेर पडलेले चार दाणे वेचले. मग म्हणाली, "हव. तुमी गोल बाजारात गेले होते सामान आणाले. तवा."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुमी रात-रात जागून राहिले होते. मले वाटलं, एकदाचं पाहून टाकावं."

"मंग? काय होतं?"

"खिळा होता." ती पटकन म्हणाली. "हा एवढा, बोटाएवढा. टायरातून आरपार. त्या रोडवर काय कमी पडून राहते का लोखंड!"

लहानूनं तिच्याकडे पाहिलं. बाई खोटं बोलायला शिकलेलीच नव्हती. बोलली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. आत्ताही गुंडाळत होती.

"अन् ट्यूब?"

"जाळली. बंबात घातली."

"खिळ्याची ट्यूब जाळते का कोणी? अवं, ठेवायची होती न. मले दाखवायची होती. मी कसा..."

"काय पाहाचं होतं तिच्यात? गेला त्यो गेला."

त्यानं मान हलवली. मग ट्यूब बाजूला ठेवली आणि टायर रिमवरून पुरता काढला. पंक्चर काढणारा कुठलाही माणूस ट्यूब घालायच्या आधी हेच करतो. त्यानं पहिली दोन बोटं टायरच्या आत घातली आणि कापडी अस्तरावरून हळूहळू फिरवत नेली. काटा राहिला असेल तर बोटाला टोचतो. खिळा येऊन गेला असेल तर छिद्राची खरखर लागते. बोटं फिरत होती आणि सत्यभामा त्या बोटांकडे बघत होती. हे तिला त्या दिवशी सुचलंच नव्हतं. ट्यूब जाळली, नवी घातली, हवा भरली नाही, झिल्ली पुन्हा पांघरली. टायरही बदलावा हे डोक्यात आलं नाही.

बोटं एक फेरा पूर्ण करून आली. त्यानं टायर आतून बाहेर वळवला, उजेडाला धरला, इंच इंच दाबत पुन्हा फिरवला. कुठं काही नाही. नवाकोरा टायर, सुईचंसुद्धा छिद्र नाही.

सत्यभामा त्याच्याशेजारी बसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "थंडी लई होती हो त्या दिवशी."

लहानूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. बायकोनं इतके दिवस हे पोटात ठेवलं होतं. त्याच्या ताटात भाकर वाढताना, त्याचे पाय चेपताना, पोराच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना तिला ठाऊक होतं. एकदाही तिच्या तोंडून ब्र निघाला नव्हता, आणि रागाचा शब्दही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आतून रुचिताच्या पावलांचा आवाज आला तशी त्यानं घाईनं बाहीला डोळे पुसले, टायरची एक कड रिममध्ये बसवली, ट्यूब घातली आणि दुसरी कड चढवायला घेतली. अंगठ्यांनी. शेवटची वीतभर राहिली ती काही केल्या जाईना. सत्यभामानं काही न विचारता आपले अंगठे त्याच्या शेजारी टेकवले. दोघांनी मिळून रेटलं तेव्हा ती आत गेली.

रुचिता दारात उभी होती. तिनं दोघांचे चेहरे पाहिले असावेत. मग तिनं विचारलं, जे वर्षभर या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"बाबा, टायर में क्या था उस दिन?"

सत्यभामानं मान खाली घातली. लहानू पंपाची नळी व्हॉल्व्हला लावत होता. हीच वेळ होती. जिच्या कपाळी हे आलं तिला तरी खरं कळायला हवं, असं त्यानं कितीदा मनाशी ठरवलं होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

"चाय वाला मेरेको बोला था, आवाज हुई थी," रुचिताच म्हणाली. "मैंने किसी को बताया नहीं. उस दिन सुबह मैं झगड़ी थी उनसे. बिना बात के. मुँह फुला के निकले थे, पीछे देखा भी नहीं. मेरेको लगता है बाबा, गुस्से में अंधाधुंध चलाए होंगे, गड्ढे में कुदा दिए होंगे, इसलिए फूटा होगा. रोज लगता है." तिनं नजर चाकावर ठेवली. "मेरे कारण."

लहानू तिच्याकडे बघत राहिला. केवढीशी पोर! आणि एकाच छपराखाली तिघं तीन दगड छातीवर घेऊन निजत होते.

"अवं वेडे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "खिळा होता. टायरातून आरपार. त्याच्यापुढे कोनी हळू चालवली असती तरी तेच झालं असतं. तुह्या भांडनाचा काय संबंध?"

"सच्ची?"

"तुह्या सासूले विचार. तिनंच काढला."

रुचितानं सासूकडे पाहिलं. सत्यभामा "हव" म्हणाली, आणि पोरगी भिंतीला टेकून तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. सुशील गेल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती. सत्यभामा उठली, तिला पोटाशी धरून आत घेऊन गेली.

लहानूनं अर्धी हवा भरली. चाक फिरवत फिरवत टायर दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, कुठं ट्यूब दबलेली नव्हती. मग पुरती भरली. चाक चिमट्यात बसवलं, नट आवळले, सायकल सरळ उभी केली. समोरून भैय्यालाल ओरडला, "अरे, पंक्चर बनइस का गा!" त्यानं हात वर केला.

थोड्या वेळानं सत्यभामा सूप न्यायला बाहेर आली.

"निजली," ती म्हणाली. "मले विचारत होती, खिळा केवढा होता म्हणून."

"काय सांगितलं?"

"काहीच नाही. म्हटलं, नंतर सांगतो."

लहानूनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"बोटाएवढा होता म्हन," तो म्हणाला. "मीबी तेच सांगीन."