काठावर वाक्य असलेला कांगा

मित्रांनो, मी एक जुना कांगा आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या टांगा शहरातल्या बायका कमरेला नि डोक्यावरून गुंडाळतात ते कापड. आमच्या काठावर एक वाक्य छापलेले असते आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण ते वाचतोच. आता माझा रंग उडाला आहे. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात धूळ पुसतो. एकदा कोणी मला फरशीलाही लावले, ते मात्र मला लागले.

मला बनवून घेतले ते ग्रंथपाल झैनाबूबाईंनी. प्राचार्यांनी त्यांना बजावले होते की सत्र संपेपर्यंत वाचक वाढले नाहीत तर दालनाला कुलूप लागेल आणि पुस्तके कोठीत जातील. बाईंनी फलक लावले, वर्गावर्गात जाऊन विनवले. कोणी फिरकले नाही. रोज येणारा एकच, बंदरातून निवृत्त झालेला कोम्बो. तो वर्तमानपत्र वाचे. मग बाईंना वाटले, फलक कोणी वाचत नाही, पण कांगा न वाचता कोण राहते? माझ्या काठावर त्यांनी छापून घेतले, ‘माझ्या दारी आलेला रिकाम्या हाताने जात नाही.’ उत्साहाच्या भरात ग्रंथालयाचे नाव घालायचे मात्र राहून गेले.

मला नेसून बाई महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरल्या. तिथे कोम्बोची बायको सौमू विकायला मांदाझीचे गोड वडे तळत होती. तिने मला वाचले, हा टोमणा आपल्या नवऱ्यावरूनच आहे असे धरले आणि झारा हातात घेऊनच बाईंच्या मागे निघाली. आमच्याकडे बायका भांडतात त्या कांग्यावरच्या वाक्यांनी, हे पोरांना पक्के ठाऊक. गंमत बघायला अर्धे महाविद्यालय ग्रंथालयात घुसले.

“काय गं झैनाबू,” सौमू म्हणाली, “माझ्या दारी काय उपाशी मरतो तो?”

“अगं, दार म्हणजे हे ग्रंथालयाचं. तुझा नवरा इथं पेपर वाचतो.”

“वाचतो? घरी तर चष्मा हरवलाय म्हणतो. माझ्या बहिणीची बारीक अक्षरातली पत्रं मी शेजारणीकडून वाचून घेते.”

कोम्बोने वर्तमानपत्र आणखी वर धरले. सगळे दालन हसले आणि झैनाबूबाईंनी हसत हसत सौमूच्याच हातात एक पुस्तक ठेवले.

दुसऱ्या दिवशी सौमू नवा कांगा नेसून आली. त्यावर होते, ‘बोलावलेस तर आले, आता हाकललेस तरी जाणार नाही.’ पुढच्या आठवड्यात बाईंनी त्याला उत्तर नेसले. दोघींची ही जुगलबंदी वाचायला पोरे येऊ लागली. आली ती बसली, बसली ती वाचू लागली.

सत्राच्या शेवटच्या दिवशी प्राचार्य कुलूप घेऊनच आले. त्यांना बसायला खुर्ची मिळाली नाही. उभ्यानेच ते म्हणाले, “झैनाबू, आणखी बाकं मागवा.” ते गेल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडला. माझ्या पदरात तोंड लपवून त्या पोटभर रडल्या. इतके हलके ओझे मी कधी अंगावर घेतले नव्हते.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. कापड विरायचेच. पण तुमच्या गावातही कोणी एक जण रोज सकाळी पुस्तकांचे दार उघडून बसत असेल. आज तिथे जाऊन बसा. रिकामी खुर्ची त्या माणसाला फार खुपते.